जॅझ शिकायला कुठलं कॉलेज? आधी ड्रमर मोजा

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी बारावीत, नाशिकला. लहानपणापासून वेस्टर्न क्लासिकल पियानो, ट्रिनिटीची आठवी ग्रेड झालेली. मग जॅझचं वेड लागलं आणि ते उतरायचं नाव घेत नाही. आता म्हणते, पदवी जॅझमध्येच आणि बाहेरच. तुम्ही विचारलंय की बर्कली, नॉर्थ टेक्सस, न्यूयॉर्कमधली कॉलेजं आणि युरोप यांत एक नंबरचं कुठलं. त्यासाठी राहता फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढावं का. आणि जाता जाता, अर्जाचं रेकॉर्डिंग घरच्या डिजिटल पियानोवर चालेल का.

मी डबल बास वाजवतो. वाढलो डोंबिवलीत, राहतो न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये. संध्याकाळी गिग (म्हणजे पैसे घेऊन वाजवण्याचा कार्यक्रम) आणि दिवसा एका विद्यापीठात शिकवणं, असा संसार चालतो. दर हिवाळ्यात प्रवेशाच्या ऑडिशनला पॅनेलवर बसावं लागतं. त्या विद्यापीठाचं नाव घेत नाही आणि खाली ज्या कॉलेजांबद्दल लिहिलंय त्यात ते नाही, त्यामुळे जाहिरातीचा संशय नको.

एक नंबरचं कॉलेज इंजिनिअरिंगला असतं, कारण कॅम्पसवर कंपन्या येतात आणि त्यांना कॉलेजचं नाव दिसतं. जॅझमध्ये मला कधी कुणी डिग्री विचारलेली नाही. फोन येतो तो एखाद्या ड्रमरचा किंवा गायिकेचा, आणि तो येतो कारण चार वर्षं आम्ही एका खोलीत वाजवलेलं असतं. म्हणून तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: या मुलीला चार वर्षांत सर्वांत जास्त वेळ, स्वतःपेक्षा चांगल्या वाजवणाऱ्यांबरोबर कुठे वाजवायला मिळेल, आणि त्यानंतर वाजवत राहण्याइतके पैसे तिच्याकडे उरतील का? याचं उत्तर तिच्या आजच्या तयारीवर, स्वभावावर आणि तुमच्या खिशावर अवलंबून आहे. मी तिला ऐकलेलं नाही. त्यामुळे एकच नाव सांगून मोकळा होणार नाही. मी कसा विचार करतो ते सांगतो.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यावरून बरंच कळतं. ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस १९४४ मध्ये न्यूयॉर्कला आला तो ज्युलियार्डमध्ये शिकायला. प्रत्यक्षात तो शिकला ५२व्या रस्त्यावरच्या क्लबांत, सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या मागे मागे हिंडून, आणि ज्युलियार्ड अर्धवट सोडलं. त्या ज्युलियार्डमध्ये जॅझचा अभ्यासक्रम सुरू व्हायला २००१ साल उजाडलं. अमेरिकेत जॅझची पहिली पदवी दिली ती टेक्ससमधल्या डेंटन गावच्या कॉलेजने (तेच आजचं नॉर्थ टेक्सस), १९४७ मध्ये, आणि तीही ‘डान्स बँड’ या नावाखाली. न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत गुंथर शुलरने जॅझचा विभाग काढला १९६९ मध्ये. म्हणजे ज्यांच्या रेकॉर्ड ऐकून तुमची मुलगी वेडी झाली, त्यांतल्या बहुतेकांकडे या विषयाची पदवी नव्हती. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. १९३५ च्या अखेरीस अमेरिकेतल्या लिऑन ॲबीचा जॅझ बँड मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. गोव्याहून आलेल्या चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांच्या पिढीने स्वर वाचायला शिकून घेतलं होतं ते गावच्या चर्चच्या शाळेत, आणि स्विंग उचलला तो हॉटेलांच्या बँडस्टँडवर, शेजारी बसलेल्याकडून.

ते बँडस्टँड आता जवळजवळ संपले. रोज रात्री सहा-सहा तास वाजवायची नोकरी अठरा वर्षांच्या पोराला आज कुणी देत नाही. कॉलेज हा त्या बँडस्टँडचा पर्याय आहे. वर्ग, थिअरी, इतिहास हे सगळं उपयोगाचं आहे, पण त्यातलं बरंच आज घरबसल्या मिळतं. मिळत नाही तो जिवंत बँड. म्हणून मी कॉलेज जोखतो ते बँडवरून.

आता शीर्षकातला ड्रमर. ऱ्हिदम सेक्शनला लागतो एक पियानोवाला (किंवा गिटारवाला), एक बासवाला, एक ड्रमर. बिग बँडमध्ये सॅक्सोफोनला पाच खुर्च्या, ट्रम्पेटला चार, ट्रोम्बोनला चार. पियानोला एक. समजा एका कॉलेजात तीस पियानोवाले आणि दहा ड्रमर आहेत, तर पहिल्या वर्षी तुमच्या मुलीला आठवड्यातून जेमतेम दोन तास बँड मिळेल आणि बाकीचा वेळ ती सराव-खोलीत एकटी. दुसऱ्या कॉलेजात, ज्याचं नाव तुमच्या नातेवाईकांपैकी कुणी ऐकलेलं नाही, सहा पियानोवाले आणि आठ ड्रमर आहेत. तिथे तिला रात्री अकरा वाजता दार ठोठावून वाजवायला बोलावतील. पियानो शिकणाऱ्यासाठी दुसरं कॉलेज चांगलं, मग पहिल्याची इमारत कितीही चकचकीत असो. त्यामुळे प्रवेश कार्यालयाला ईमेल लिहा: तुमच्याकडे यंदा जॅझ पियानोचे किती विद्यार्थी आहेत, बासचे किती, ड्रम्सचे किती? पहिल्या वर्षाच्या पियानोवाल्याला आठवड्याला किती तास एन्सेम्बल, म्हणजे बँडमध्ये वाजवणं, मिळतं? आकडे देतात. टाळाटाळ केली तर तेही उत्तरच समजा.

ऑडिशनच्या खोलीत काय होतं ते थोडं जवळून दाखवतो. मुलगा किंवा मुलगी येते, पियानोवर बसते. मी बास घेऊन उभा, एक सहकारी ड्रम्सवर, तिसरा कोपऱ्यात वही घेऊन. भारतातून येणाऱ्या पियानोवाल्यांची बोटं उत्तम असतात. ग्रेडच्या परीक्षांनी हात तयार केलेला असतो. एखाद्या दिग्गजाचा सोलो कानाने उतरवून हुबेहूब वाजवतात. मग मी म्हणतो, ‘आता दोन कोरस बास सोलो घेतो, तू साथ दे.’ (कोरस म्हणजे गाण्याचं एक पूर्ण आवर्तन.) इथे खोली बदलते. एकतर दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड सुरू होतात आणि मला श्वास घ्यायला जागा उरत नाही, नाहीतर हात मांडीवर ठेवून ती माझ्याकडे बघत बसते. त्यानंतर ड्रमरबरोबर चार-चार बारांची (बार म्हणजे मात्रांचा छोटा गट) देवाणघेवाण. ड्रमर जरा आडवंतिडवं वाजवतो, आणि ३२ बारांचा फॉर्म सुटतो. तबल्याच्या फिरकीत गायकाची सम सुटावी तसंच हे. सम सुटली म्हणून आम्ही नापास करत नाही. सुटल्यावर ती कान टवकारून परत धागा पकडते का, की डोळे कीबोर्डवर खिळवून आपलंच दामटत राहते, ते बघतो. कोपऱ्यातला सहकारी वहीत लिहितो ते बहुतेक वेळा यावरच.

हे इतकं सविस्तर लिहिलं, कारण यातच तुमच्या मुलीची पुढच्या वर्षाची तयारी आहे. नाशिकमध्ये तिला बास आणि ड्रम्सची सोबत मिळत नसेल तर महिन्यातून दोन शनिवार-रविवार मुंबई किंवा पुणे गाठा. रॉक बँडमधला ड्रमर चालेल, काठ्यांऐवजी ब्रश वापरायला तो शिकेल. प्ले-अलाँगच्या, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीच्या, ट्रॅकवर वाजवून बोटं तयार होतात, कान होत नाहीत. ट्रॅक तुमचं ऐकत नाही.

दुसरी गोष्ट शिक्षक. कॉलेजच्या वेबसाइटवर ग्रॅमी मिळालेल्यांचे फोटो असतात. त्यांतला एखादा सत्रातून दोनदा येतो, मास्टरक्लास घेतो आणि टूरला निघून जातो. तुम्ही विचारायचं: पहिल्या वर्षी दर आठवड्याला माझ्या मुलीचा एकट्याचा तास कोण घेणार? किती मिनिटांचा? शिक्षक टूरवर गेला तर तास भरून देतो का? मग त्या शिक्षकाला थेट लिहा आणि पैसे देऊन एक ऑनलाइन तास मागा. अनेक जण देतात, त्यात संकोच नको. तासानंतर मुलीला एवढंच विचारा की पुढच्या आठवड्यात नेमका कशाचा रियाज करायचा हे तिला कळलं का. मोठा वादक आणि चांगला शिक्षक एकाच माणसात असतातच असं नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

आता कॉलेजं. सगळ्यांवर सारखं लिहीत नाही. ज्यांबद्दल सांगण्यासारखं आहे त्यांवर जास्त.

बर्कलीबद्दल सगळेच विचारतात. बोस्टनमध्ये १९४५ मध्ये लॉरेन्स बर्कने लहानशी शाळा म्हणून ते सुरू केलं. जपानहून तोशिको आकियोशी १९५६ मध्ये तिथे पियानो शिकायला आली आणि पुढे स्वतःचा बिग बँड चालवणारी संगीतकार झाली, हे तुमच्या मुलीला आवर्जून सांगा. पण आजचं बर्कली ही जॅझची शाळा राहिलेली नाही. गीतलेखन, चित्रपट संगीत, रेकॉर्डिंग, संगीत व्यवसाय असं सगळं तिथे आहे, विद्यार्थी हजारोंनी आहेत, आणि गिटारवाल्यांचा तर सुकाळ. याचे दोन अर्थ निघतात. पुढे जाऊन कळलं की आपल्याला चित्रपटासाठी संगीत करायचंय, तर कॉलेज न बदलता वाट बदलता येते. दुसरं म्हणजे तिथे स्वतःचा बँड स्वतः जमवावा लागतो; बुजरी मुलं गर्दीत हरवतात. शाळेतल्या आतल्या छोट्या शाळा चांगल्या आहेत: पियानोवादक डॅनिलो पेरेझने उभी केलेली ग्लोबल जॅझ इन्स्टिट्यूट, आणि ड्रमर टेरी लिन कॅरिंग्टनने २०१८ मध्ये काढलेली जॅझ अँड जेंडर जस्टिस इन्स्टिट्यूट. दुसरी मुद्दाम सांगतोय. जॅझच्या वर्गांत, त्यातही वाद्य वाजवणाऱ्यांत, मुली अजून कमी आहेत. जॅम सेशनला बारा पोरं आणि एक मुलगी हे चित्र मी आजही बघतो. मुलीने माघार घ्यावी असं मुळीच नाही, पण कॉलेज निवडताना तिथल्या विद्यार्थिनींशी बोलायला हवं. तिथे इंडियन एन्सेम्बलही आहे, नावाजलेलं आहे, आनंदाने वाजवावं. फक्त आपली मुलं एकदा त्यात रमली की चारही वर्षं एकमेकांतच राहतात, तेवढं सांभाळायचं.

त्याच बोस्टनमध्ये न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी. लहान, कडक, अभिजात संगीताची जुनी परंपरा, आणि रॅन ब्लेकने वाढवलेला इम्प्रोव्हायझेशनचा वेगळा विभाग. क्लासिकलची पक्की बैठक असलेल्या आणि स्वतःची वाट शोधणाऱ्या मुलीला ही जागा बर्कलीपेक्षा मानवेल असं मला वाटतं. प्रवेश मात्र अवघड. दोन्हीकडून चालत जाता येईल असा वॉलीज नावाचा चिंचोळा क्लब १९४७ पासून आहे, आणि बोस्टनच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या तिथल्या जॅम सेशनमध्ये तयार झाल्या.

नॉर्थ टेक्सस हा बिग बँडचा आखाडा. तिथे बँडची नावं तालमीच्या तासावरून: वन ओक्लॉक, टू ओक्लॉक असं. वन ओक्लॉकमध्ये बसणं म्हणजे मोठा मान, आणि दर सत्राला ऑडिशन. तिथून निघालेल्या मुलाला कुठलाही कागद पुढे ठेवा, पहिल्या नजरेत वाजवतो. स्टुडिओत, ब्रॉडवेच्या नाटकांच्या वाद्यवृंदात, क्रूझवर कामं मिळतात ती त्यामुळेच. पियानोवाल्यांसाठी वर सांगितलेला खुर्चीचा हिशेब इथे जास्तच लागू होतो. नोरा जोन्स इथेच जॅझ पियानो शिकत होती. दोन वर्षांनी न्यूयॉर्कला गेली ती गेलीच. पण नॉर्थ टेक्ससचा एक फायदा भारतीय पालकांना फारसा माहीत नसतो. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठात किमान १००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली, तर बाहेरच्या विद्यार्थ्यालाही राज्यातल्या रहिवाशाच्या दराने फी लावण्याची सोय आहे. आपोआप होत नाही, ठरावीक कोटा असतो, विचारावं लागतं. मिळाली तर सगळं गणित पालटतं. शिवाय डॅलस जवळ आहे, गणपतीत उकडीचे मोदक मिळतील.

न्यूयॉर्क. इथे शहर हाच निम्मा अभ्यासक्रम. न्यू स्कूल ग्रिनिच व्हिलेजच्या शेजारी, स्मॉल्स आणि व्हिलेज व्हॅनगार्ड हे जॅझ क्लब चालत जाण्याच्या अंतरावर. ब्रॅड मेल्डाउ आणि रॉबर्ट ग्लास्पर हे दोन पियानोवाले तिथले विद्यार्थी. मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिक अधिक शिस्तीचं. ज्युलियार्डच्या जागा इतक्या थोड्या की अर्ज करावा आणि विसरून जावा. मला आवडणारी दोन नावं मात्र वेगळीच आहेत. एक, हार्लेममधलं सिटी कॉलेज: सरकारी, फी खासगी कॉलेजांच्या निम्म्याहून कमी, आणि थोर बासवादक रॉन कार्टर तिथे अनेक वर्षं शिकवत होता. मी बासवाला आहे, तेव्हा हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसरं, नदीपलीकडे न्यू जर्सीत वेन गावातलं विल्यम पॅटर्सन विद्यापीठ. १९७३ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाची सूत्रं आधी ट्रम्पेटवादक थॅड जोन्सकडे होती, पुढे बासवादक रूफस रीडकडे, मग मलग्रू मिलर आणि २०१५ पासून बिल चार्लॅप. शेवटचे दोघं पियानोवादक. तिथे भर छोट्या बँडवर आहे, विद्यार्थी कमी आहेत आणि न्यूयॉर्क बसने गाठता येतं. तुमच्या मुलीच्या यादीत हे नाव नव्हतं, घालावं.

मायामी, इंडियाना, फिलाडेल्फियातलं टेम्पल, मिशिगन स्टेट ही सगळी भक्कम आहेत. शिष्यवृत्ती कोण किती देतं यावर ठरवा.

युरोपकडे आपले लोक कमी बघतात, ते चूक. ऑस्ट्रियात ग्राझला १९६५ पासून जॅझचा विभाग आहे. ॲमस्टरडॅमच्या कॉन्झर्व्हेटरीत इंग्रजीतून शिकता येतं आणि जॅझ विभाग मोठा आहे. जर्मनीत कोलोन, बर्लिन इथल्या सरकारी संगीत विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणीची फी नाही, फक्त सत्राचं किरकोळ शुल्क. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, म्हणजे मॅनहाइम, स्टुटगार्ट वगैरे, युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो. राहण्याखाण्यासाठी वर्षाला सुमारे १२ हजार युरो बँकेत दाखवावे लागतात. अडचण दोन ठिकाणी येते. जर्मन भाषेचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी लागतं, आणि एका वाद्याला वर्षाला मोजक्याच जागा असतात. पण एक वर्ष हाताशी असेल तर जर्मन आत्तापासून सुरू करायला काय हरकत आहे? पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, ऑनलाइन वर्गही आहेत.

आता एक गोष्ट, जी प्रवेशाच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत कधीच नसते. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर पैसे घेऊन वाजवता येत नाही. पहिल्या वर्षानंतर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून परवानगी काढता येते, पण ती प्रत्येक कामासाठी आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून आधी घ्यावी लागते. म्हणजे वर्गमित्र शुक्रवारी रेस्टॉरंटमध्ये शंभर डॉलरची गिग वाजवेल आणि तुमची मुलगी ती स्वीकारू शकणार नाही. कुणी रोख देतो म्हणालं तरी नको. व्हिसाशी खेळ नाही. जॅम सेशनला जाऊन हौसेने वाजवण्याला अडकाठी नसते. पदवीनंतर कामाची परवानगी १२ महिन्यांची. इंजिनिअरिंगवाल्यांना मिळते ती वाढीव मुदत संगीत वादनाला नाही. त्यानंतर राहायचं तर कलाकारांचा वेगळा व्हिसा, त्याला वकील, शिफारसपत्रं आणि कामगिरीची जाडजूड फाइल. अनेक जण करतात. पण ‘शिकेल आणि तिथेच कमावून कर्ज फेडेल’ हे गृहीत धरून फ्लॅट तारण ठेवू नका.

आणि म्हणून पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. बोस्टन-न्यूयॉर्कच्या खासगी कॉलेजांत फी, राहणं, खाणं, विमा धरून वर्षाला ७५ ते ९० हजार डॉलर लागतात. चार वर्षांचे शिष्यवृत्तीविना पावणेतीन-तीन कोटी रुपये होतात. त्यांतले एक कोटी जरी कर्जाचे असले, तरी साडेदहा टक्क्यांनी पंधरा वर्षांचा हप्ता महिना एक लाख दहा हजारांच्या आसपास बसतो. न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबात मला एका रात्रीचे शंभर-सव्वाशे डॉलर मिळतात. कधी लग्नात, कॉर्पोरेट पार्टीत चांगले मिळतात, आणि शिकवण्याच्या पगारावर घरभाडं जातं. कर्ज डोक्यावर असलेला वादक पहिलं काय सोडतो? कमी पैशांच्या पण चांगल्या संगीताच्या गिग्ज. म्हणजे जे शिकायला गेला तेच. माझं मत विचाराल तर राहता फ्लॅट तारण ठेवू नका, कॉलेज कुठलंही असो. तुम्ही आठ वर्षांत फेडू शकाल आणि मुलीच्या कमाईवर एक पैही अवलंबून नसेल, तेवढंच कर्ज घ्या. त्या रकमेत जे बसेल ते तिचं कॉलेज.

शिष्यवृत्ती मुख्यतः ऑडिशनवर मिळते. निकाल साधारण १ एप्रिलच्या आसपास लागतात आणि १ मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं. तो महिना वाया घालवू नका. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आणि एकाने जास्त पैसे दिले, तर दुसऱ्याला नम्रपणे पत्र लिहून कळवा. कॉलेजला पियानोवाले पुरेसे असतील तर नाही म्हणतील. कमी पडत असतील तर आकडा वाढतो. घासाघीस म्हणून लाजू नका, इथे सर्रास करतात.

तुम्ही ‘हाताशी दुसरं काही असावं’ असंही लिहिलंय. त्यासाठी पदवीचा प्रकार बघा. बॅचलर ऑफ म्युझिकमध्ये साधारण दोन तृतीयांश अभ्यास संगीताचाच असतो. बीए केलं तर एक तृतीयांशाच्या आसपास, बाकी गणित, अर्थशास्त्र, काय हवं ते. ओबर्लिनला पाच वर्षांत दोन पदव्या होतात, टफ्ट्स आणि न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीचाही तसा जोड-अभ्यासक्रम आहे. विजय अय्यरने येलमधून गणित आणि भौतिकशास्त्रात पदवी घेतली. पियानो बहुतांशी स्वतःचा स्वतः शिकला, आणि आज हार्वर्डमध्ये प्राध्यापक आहे. तो अपवाद आहे, मान्य. पण जॅझची पदवी नसली तर दार बंद होतं, हे खरं नाही. रुद्रेश महंतप्पा नॉर्थ टेक्ससला सुरुवात करून बर्कलीत गेला आणि मास्टर्स शिकागोच्या डिपॉलमधून केलं. मध्ये कॉलेज बदलणं हा काही कलंक नाही, फक्त क्रेडिट किती धरणार ते लेखी घ्या.

आणखी एक वाट मी बऱ्याच पालकांना सुचवतो: पदवी भारतात करा, चार वर्षं मुंबई-पुणे-गोव्यात जमेल तिथे बँडमध्ये वाजवा, आणि मग दोन वर्षांच्या मास्टर्सला बाहेर जा. खर्च निम्मा, मुलगी बावीस वर्षांची, आणि मोठ्या सरकारी विद्यापीठांत मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या बदल्यात फीमाफी मिळण्याची शक्यता असते. अट एवढीच की तीन वर्षांची पदवी काही ठिकाणी धरत नाहीत, म्हणून चार वर्षांची घ्या. ही वाट कुणाला? ज्या मुलीला अजून बँडची सवय नाही तिला. उलट ती आजच सतरा-अठरा ट्यून न बघता वाजवत असेल, कुठल्याही सुरात, आणि इथे तिच्या बरोबरीचं कुणी उरलं नसेल, तर थांबवण्यात अर्थ नाही. मधला मार्ग म्हणजे उन्हाळ्यातला काही आठवड्यांचा बर्कलीचा वर्ग किंवा इटलीत सिएना जॅझची कार्यशाळा. खर्च होतो, पण वेड किती खोल आहे ते तिचं तिलाच कळतं.

तर तुमच्या जागी मी असतो तर अर्ज सहाच ठिकाणी केले असते: विल्यम पॅटर्सन, सिटी कॉलेज, नॉर्थ टेक्सस, न्यू इंग्लंड, ॲमस्टरडॅम, आणि तिची हौस म्हणून बर्कली. मग एप्रिलमध्ये पैशाचे आकडे समोर ठेवून बोललो असतो.

शेवटचा प्रश्न रेकॉर्डिंगचा. बहुतेक अमेरिकन कॉलेजांत आधी व्हिडिओ पाठवायचा असतो, मुदत १ डिसेंबरच्या आसपास, आणि त्यातून निवडलेल्यांना जानेवारी ते मार्चमध्ये ऑडिशनला बोलावतात. सहसा एक ब्लूज, एक बॅलड (संथ लयीचं गाणं) आणि एक मध्यम किंवा जलद लयीची स्टँडर्ड (सगळे जॅझवाले वाजवतात अशी जुनी धून) मागतात. वजनदार ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो असेल तर ब्लूज आणि स्टँडर्डला चालेल. बॅलड मात्र खऱ्या पियानोवर घ्या. तिथे बोटाचा स्पर्श, पेडल, स्वर विरत जाणं हेच ऐकायचं असतं आणि डिजिटलवर ते सपाट होतं. नाशिकमध्ये एखाद्या शाळेत किंवा चर्चमध्ये पियानो असेल, तर आधी ट्यूनरला बोलावून सूर लावून घ्या. ब्लूजला जिवंत बास आणि ड्रम्स असलेच पाहिजेत, मग ते वादक साधारण का असेनात. एकाच कॅमेऱ्यात दोन्ही हात आणि चेहरा दिसू द्या, मध्ये कट नको, आणि आवाजावर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) चढवू नका. पहिला कोरस संपून सोलो सुरू होतो तिथे आम्ही पुढे सरकून ऐकतो, त्यामुळे सुरुवातीला लांबलचक इंट्रो नको. रेकॉर्डिंग ऑक्टोबरमध्येच उरका. दिवाळीत ड्रमर गावाला जातो.